आभाळी गोंड्याचा कांदा
कंदांच्या कहाण्या : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण ट्युलिपचा कंद उकलून पाहिला. आजचा कंद त्याच मध्य आशियाई मुलखातला, पण त्याचे कूळ मात्र आपल्या स्वयंपाकघरातले, कांद्याचे. नाशिककडे बियाण्यासाठी राखलेल्या वावरात डेंगळे उभे राहिलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही वनस्पती चटकन ओळखू येईल. तसाच सरळ दांडा आणि टोकाला चांदण्यांसारख्या फुलांचा तसाच गोंडा. रंग तेवढा वेगळा. आपला गोंडा पांढरा असतो, याचा लख्ख निळा, पाऊस सरल्यावरच्या आभाळासारखा.

नाव ॲलियम सिरुलियम. लॅटिनमध्ये सिरुलियस म्हणजे आभाळी निळा. हे नाव पीटर सायमन पॅलस या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये दिले. कॅथरीन दुसरी हिच्या राजवटीत, १७६८ ते १७७४ या काळात, तो उरल आणि सायबेरियाचा प्रदेश पालथा घालत होता. कझाकस्तान, किर्गिझस्तानपासून सायबेरियापर्यंतच्या कोरड्या माळांवर आणि उतारांवर हा कांदा आपोआप उगवतो. तिथे हिवाळाभर बर्फ असते. ते वितळले की थोडे दिवस ओल टिकते आणि मग कडक, कोरडा उन्हाळा येतो. पाने, फूल, बी हा सगळा संसार त्या ओलीच्या भरवशावर उरकायचा आणि उन्हाळा मातीखाली झोपून काढायचा, हे त्याचे वेळापत्रक. लागवडीचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

मी राहते त्या इंग्लंडच्या पूर्व भागात सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये कंद लावतात. जागा दिवसभर उन्हाची हवी. माती चिकण असेल तर भरपूर खडी मिसळावी, कारण पाणी साचले की कंद सडतो. कंद लहान, जेमतेम बोराएवढा. तो ८ ते १० सेंटिमीटर खोल, तेवढ्याच अंतरावर लावावा. एकटा दांडा बागेत हरवून जातो, म्हणून १५-२० कंदांचा ताटवाच करावा. जूनच्या सुमारास अर्धा मीटर उंचीच्या बारीक दांड्यांवर लिंबाएवढे गोंडे फुलतात आणि मधमाश्यांची रीघ लागते. पुढे जुन्या कंदांना पिल्ले फुटतात. कधी गोंड्यातही बारीक कंदिका धरतात, त्याही रुजतात.

फुले फुलदाणीत शोभतात. दांडा कापला की कांद्याचा वास येतो, पण पाण्यात ठेवल्यावर तो लवकरच विरतो. अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगून वाळवता येतात. कांद्याच्या कुळातला असला तरी बागेसाठी विकत आणलेला कंद खाऊ नये, त्यावर बुरशीनाशक चोळलेले असू शकते. कुत्र्या-मांजरांना तर कांद्याचा कोणताच प्रकार बाधतो. त्यांना या ताटव्यापासून दूर ठेवावे.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी कळ्या दिसू लागल्या आणि त्याच वेळी पाने टोकापासून पिवळी पडली. मला वाटले, झाडाला तहान लागली. रोज पाणी घातले, वर खतही दिले. फुले आली, पण शरद ऋतूत उकरून पाहिले तर निम्म्या कंदांचा लगदा झाला होता. खरे तर या कांद्याची पाने फूल उमलेपर्यंत वाळून जातात. तो रोग नव्हे, झोपेची तयारी. वाळकी पाने डोळ्यांना खुपत असतील तर पुढे ठेंगणी रोपे लावून ती झाकावीत.

महाराष्ट्रात तो का जगत नाही, हेही इथेच उमगते. त्याच्या झोपेच्या महिन्यांतच आपला पाऊस कोसळतो. शिवाय फूल यायला त्याला लांब, कडक हिवाळा लागतो. थंडीची ही गरज आपल्या कांद्यालाही आहे. म्हणून तर बियाण्याचे कांदे हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावतात, गारवा लागला की त्यांना डेंगळे येतात. पण त्याचे आपल्याकडच्या थंडीत भागते, या माळावरच्या भावंडाचे भागत नाही.

निफाडकडच्या माझ्या आजोळी कांद्याच्या माना पडायला लागल्या की आजोबा पाणी तोडायचे. मग काढलेला कांदा वाळवायचा आणि चाळीत हवेशीर ठेवायचा. पाणी तोडले नाही तर कांदा टिकत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. परक्या नावाच्या, निळ्या फुलाच्या कांद्यासमोर नेमके तेच विसरले. आता मे महिन्यात पाने पिवळी दिसली की मी झारी बाजूला ठेवते.

पुढच्या आठवड्यात केशराचा कंद, काश्मिरातल्या पांपोरच्या करेव्यांवरचा, म्हणजे तिथल्या पठारांवरचा.