गोळी गुडघ्याची, दुखणं पोटाचं!

मुलांनो, आजीचे गुडघे दुखायला लागले, की दुकानातून गोळी आणायला तुम्हीच धावता ना? मग हे वाचाच!

आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. मग जठरच कसं भाजून निघत नाही? कारण त्याला आतून बुळबुळीत अस्तर असतं. ते जपायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. पण गंमत अशी, की सूज आणि वेदना वाढवणारीही हीच द्रव्यं! अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या ती बनूच देत नाहीत, हे ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

म्हणजे गुडघ्याला आराम, पण अस्तर कमजोर! मग जठरात व्रण पडतो, कधी रक्तस्रावही होतो. गोळी रक्तात मिसळूनही हेच करते; म्हणून नुसतं जेवून घेतल्यानं धोका पुरता टळत नाही.

मग उपाय? गोळी कमीत कमी दिवस आणि डॉक्टर सांगतील तेवढीच. गरज असेल, तर आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलसारखी गोळी ते जोडीला देतात. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आजच आजीला विचारा बरं, “ही गोळी डॉक्टरांनी लिहून दिलीय का गं?”