वंशावळीत दोन आईबाप

छत्रपती शाहू महाराज घाटगे की भोसले? वंशावळ मांडायला बसलेल्या माणसाने उत्तर द्यावं ते ‘दोन्ही’. २६ जून १८७४ रोजी जयसिंगराव आणि राधाबाई घाटगे यांच्या पोटी यशवंतराव जन्मले. १७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते शाहू या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. नुसतं दत्तक नातं लिहिलं, तर कागलचे बापूसाहेब घाटगे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ होते हे कुठेच दिसणार नाही. नुसतं जन्माचं लिहिलं, तर भोसल्यांची वेल तिथेच तुटेल. कोल्हापुरात तर १८६६ ते १८८४ या काळात लागोपाठ तीन छत्रपती दत्तक आले.

राजघराण्यांचे कागद तरी जपलेले असतात. साध्या घरांत दत्तक गेलेल्याचं नाव एका वंशावळीतून गळतं आणि दुसरीत जन्मल्यासारखं बसतं. दोन पिढ्यांनी घरातही कोणाला आठवत नाही.

कागदांतल्या खुणा

दत्तक बहुधा भावकीतलंच घेतलं जाई. तेव्हा आडनाव तेच राहतं, फक्त बापाचं नाव बदलतं. बडोद्याचे तिसरे सयाजीराव हे कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचे पुत्र गोपाळराव. दत्तक गेले तेही गायकवाडांच्याच घरात. आडनावावरून काही कळत नाही. पण १८७५ साली जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं तेव्हा त्यांचे पती खंडेराव महाराज यांना जाऊन साडेचार वर्षं झाली होती. विधवेने दत्तक घेतलेल्या मुलाचा जन्म कधीकधी दत्तक बापाच्या मृत्यूनंतरचाही निघतो. अशी तारीख दिसली की ती लेखनिकाची चूक म्हणून दुरुस्त करू नये, दत्तकपत्र शोधावं.

याहून चकवणारी एक गोष्ट आहे. मुंबई इलाख्यात विवाहित, मुलंबाळं असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकत असे. त्याला आधी झालेला मुलगा मात्र जनक घराण्यातच राहतो, असं मुंबई हायकोर्टाने १९०९ साली ठरवलं. त्यामुळे बाप एका घराण्यात आणि मुलगा दुसऱ्यात, असा प्रकार कागदांत खरोखर भेटतो.

जन्मासाठी कोतवाल बुकाची नक्कल आणि शाळेचा दाखला पाहावा. दत्तकासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं दत्तकपत्र आणि जमिनीचे फेरफार. एका बाजूचा कागद दुसऱ्या बाजूचा पुरावा होत नाही.

कायदा काय तोडतो, काय ठेवतो

१९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दत्तकाच्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत नव्या घराचं होतं. पण जन्माच्या घरात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं, त्यांच्याशी ते निषिद्धच राहतं, आणि दत्तकापूर्वी त्याच्या नावावर आलेली मिळकतही त्याचीच राहते. धर्मशास्त्रातही गोत्र बदललं तरी जन्माच्या घराशी सपिंड नातं सुटत नाही. ‘द्व्यामुष्यायण’ दत्तक तर दोन्ही बापांचा मुलगा मानला जाई. तो दोघांनाही पिंड देई. आनुवंशिक आजारांचा माग जन्माच्या रेघेनेच काढावा लागतो. नाव, गोत्र आणि वारसा दत्तकाच्या रेघेने. एक रेघ खोडली की निम्मी माहिती जाते.

नोंद कशी करावी

एका माणसाचं पान एकच ठेवावं. त्याची दोन स्वतंत्र पानं करू नयेत, नाहीतर पुढे एकाची दोन माणसं होतात. त्या पानावर जनक आईवडील आणि दत्तक आईवडील वेगळे लिहावेत. दत्तकाची तारीख, आधीचं नाव आणि प्रत्येक नात्याचा पुरावा जोडावा. आकृतीत जन्माचं नातं अखंड रेघेने, दत्तकाचं तुटक रेघेने दाखवावं आणि खाली खुणेचा अर्थ द्यावा. जनक घराण्याच्या वेलीत ‘अमुककडे दत्तक दिला’ अशी उलट नोंद विसरू नये. संगणकावर वंशावळ ठेवणाऱ्यांच्या गेडकॉम फाइलीतही जन्माचं, दत्तक आणि सांभाळाचं नातं वेगळं नोंदवण्याची सोय आहे. चुलत्याने पुतण्या दत्तक घेतला असेल तर दोन्ही बाप सख्खे भाऊ निघतील. तिथे गोंधळ टाळायला तारीखच कामी येते.

हयात माणसांची गोष्ट वेगळी. संस्थेतून दत्तक घेतलेलं मूल अठरा वर्षांचं झाल्यावर स्वतः मूळ पालकांच्या शोधासाठी अर्ज करू शकतं. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्यांची संमती लागते. त्रयस्थाला हा शोध घेता येत नाही, मग तो सख्खा चुलता का असेना. म्हणून हयात व्यक्तीचं दत्तक तिच्या परवानगीशिवाय छापू नये, आणि घरातल्या ज्येष्ठांना आठवतंय तोवर जुन्या पिढ्यांचं दत्तक तारखेनिशी लिहून ठेवावं.