मुळशीची कौटुंबिक सहल : आनंद आणि जबाबदारी

पुण्याच्या पश्चिमेस, पौड ओलांडल्यानंतर, सह्याद्रीच्या कुशीत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. वर्षाऋतूत ताम्हिणी घाटातील धबधबे पाहण्यास असंख्य कुटुंबे येथे येतात. या निसर्गदर्शनास माहितीची जोड मिळाली, तर मुलांची सहल खऱ्या अर्थाने फलदायी ठरेल.

मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. भीमा-कृष्णेमार्गे तिचे पाणी बंगालच्या उपसागरास मिळते. टाटांच्या धरणात अडविलेले पाणी मात्र बोगद्यावाटे पश्चिमेस वळविले जाते. सुमारे ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे त्यावर वीज निर्माण होते व पुढे कुंडलिकेतून ते अरबी समुद्रास मिळते. शिक्षकांनी नकाशा उघडून हा प्रवास जलाशयाकाठीच समजावून द्यावा.

याच जलाशयाखाली मावळातील गावे आणि भातखाचरे गेली. जमिनी वाचविण्यासाठी १९२१ साली शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. विजेच्या दिव्यामागील हा त्यागही मुलांना कळावयास हवा.

ताम्हिणीचे अरण्य २०१३ मध्ये अभयारण्य घोषित झाले. राज्यप्राणी शेकरू येथे आढळतो. परंतु गोंगाट करणाऱ्यांस तो दिसत नाही.

सौंदर्याबरोबर धोकाही आहे. जून २०२४ मध्ये ताम्हिणी परिसरात कुंडात उडी घेतलेली एक व्यक्ती प्रवाहात वाहून गेली. म्हणून मुलांना प्रवाहात उतरू देऊ नये. धोक्याच्या जागी ठळक फलक, वाहनतळ आणि कचऱ्याची व्यवस्था यांकडे ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वीच लक्ष दिल्यास पाहुणे सुखरूप परततील आणि गावही स्वच्छ राहील.