औषधाचे आडनाव



मागील हिवाळ्यात आपल्या शाळेची सहल धार जिल्ह्यातील बागच्या लेण्यांना गेली होती. लेणी पाहून झाली, बाघिनी नदीकाठी ठशांनी छापलेली कापडे पाहून झाली, आणि रात्री मुक्कामी सातवीतल्या एका मुलाला सर्दी होऊन ताप भरला. बरोबरच्या बाईंनी त्याला तापाची गोळी दिली. हे ठाऊक नसल्याने थोड्या वेळाने सरांनी सर्दीची गोळी दिली. अंग दुखते म्हणाला म्हणून एका पालकांनी तिसरी गोळी काढली, तेवढ्यात मदतीला आलेली आपली एक माजी विद्यार्थिनी "जरा थांबा" म्हणाली. ती सध्या नर्सिंग शिकते आहे. तिने तिन्ही स्ट्रिपा उलटून पाहिल्या. नावे तीन, रंग तीन. पण मागच्या बारीक अक्षरांत तिन्हींवर एकच औषध होते, पॅरासिटामॉल.

तिसरी गोळी पोटात गेली नाही आणि सकाळी मुलगा बरा होता. पण आम्ही मोठी माणसे मात्र चांगलीच ओशाळलो. पॅरासिटामॉल हे योग्य मात्रेत फार सुरक्षित औषध आहे. तरीही प्रौढ माणसानेसुद्धा दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर ते घेऊ नये, कारण जास्त झाल्यास यकृताला इजा होते. मुलांची मात्रा तर वजनावर ठरते. आपल्या शाळेतून दरवर्षी काही मुले-मुली नर्सिंग, फार्मसी आणि डॉक्टरकीच्या अभ्यासाला जातात. त्यांच्यासाठी आणि घरोघरच्या औषधाच्या डब्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. एक कंपनीने दिलेले, मोठ्या अक्षरांतले. दुसरे मूळ नाव, बारीक अक्षरांतले. कंपनीची नावे हजारो आहेत, ती पाठ करण्यात अर्थ नाही. मूळ नावे मात्र बरीचशी आपल्या आडनावांसारखी असतात. 'कर'ने आडनाव संपले की मूळ गाव विचारता येते, तसे औषधाच्या नावाच्या शेवटावरून त्याचे घराणे ओळखता येते.

रक्तदाबाची औषधे पाहा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही 'प्रिल' घराण्याची. यांनी काहींना कोरडा खोकला येतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही 'सार्टन'. ही दोन्ही घराणी गरोदरपणी वर्ज्य आहेत. अ‍ॅम्लोडिपिन हे 'डिपिन'. याने कधी पायावर सूज येते. अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही 'लॉल'. दम्याच्या रुग्णाला ही देण्यापूर्वी डॉक्टर दहा वेळा विचार करतात. पित्तावरची ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही 'प्राझोल'. ती सहसा जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असतात. एवढे शेवट ओळखता आले तरी नवख्या विद्यार्थ्याचे अर्धे भय जाते.

ताप व वेदनेच्या औषधांत दोन घराणी वेगळी ठेवावीत. पॅरासिटामॉल ताप उतरवते, वेदना कमी करते, पण सूज फारशी कमी करत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सूज उतरवणारी. पण रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला व दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. डेंग्यूची शंका असेल तर ही गोळी घेऊ नये, रक्तस्रावाची भीती असते. तापलेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिन तर मनाने कधीच देऊ नये.

आता प्रतिजैविके. या औषधांची गोष्ट आपल्याला देवासपर्यंत नेते. पंडित कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले होते, आणि काही वर्षे माळव्याचे लोकसंगीत अंथरुणावरूनच ऐकण्यात गेली. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले होते. ते हळूहळू भारतात मिळू लागले. त्या उपचाराने कुमारजी बरे झाले आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस निकामी झालेले असतानाही पुढे ते जवळजवळ चार दशके गायले.

या गोष्टीत विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, प्रतिजैविक जिवाणूंवर चालते. साधी सर्दी व बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तेथे त्याचा काही उपयोग नाही. दुसरी, प्रत्येक औषधाची किंमत मोजावी लागते. स्ट्रेप्टोमायसिनच्या घराण्यामुळे ऐकण्याच्या शक्तीला व शरीराच्या तोलाला इजा होऊ शकते. गायकाच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको. तिसरी, एकट्या औषधाला जंतू सरावतात. म्हणून आज क्षयावर आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्बुटॉल अशी औषधे मिळून देतात, साधारणपणे सहा महिने, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. बरे वाटले म्हणून मधेच सोडणारा रुग्ण स्वतःचे आणि शेजाऱ्याचेही नुकसान करतो.

येथे आडनावाची एक खोडही सांगून ठेवतो. स्ट्रेप्टोमायसिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन, दोन्हींचा शेवट 'मायसिन', पण घराणी निराळी. सगळे जोशी एका घरचे नसतात, तसेच हे. शेवट पाहून अंदाज बांधावा, खात्री मात्र पुस्तकातूनच करावी. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे घरातल्या लहानांनाही शिकवावे.

आता पुन्हा बागकडे वळू. धार, झाबुआ, अलीराजपूर या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित घेतल्यास या वेदनांचे झटके कमी होतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळोवेळी रक्त तपासावे लागते. याबरोबर फॉलिक आम्लही देतात. मात्र 'रक्त कमी म्हणजे लोहाची गोळी' हे गणित येथे सरळ नाही. या रुग्णांत लोह कमी नसतानाही रक्त कमी असू शकते. म्हणून आधी तपासणी. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पुढे आमच्यापैकी कोणी बाग-कुक्षीकडच्या केंद्रावर नर्स म्हणून गेली, तर हे ज्ञान तिला रोज लागेल.

शेवटी खोकल्याचे सिरप. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या राज्यातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित सिरपमुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले, जे मूत्रपिंड निकामी करते. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची सिरपे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. लहान मुलांचा बहुतेक खोकला विश्रांती व पुरेसे पाणी यांनी आपोआप बरा होतो. धाप लागली, मूल पिईनासे झाले किंवा निपचित पडले, तर मात्र लगेच डॉक्टर.

जुलाबांसाठीही महागडे काही लागत नाही. जलसंजीवनीची पुडी आणि १४ दिवस जस्ताची गोळी हा सर्वांत भरवशाचा उपचार आहे.

विश्वस्त मंडळाला आमची एक विनंती आहे. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत प्रत्येक औषधाशेजारी त्याचे मूळ नाव, उपयोग आणि ते कोणाला देऊ नये, हे ठळक मराठी व हिंदीत लिहिलेली चिठ्ठी असावी. कोणाला, काय, किती वाजता दिले याची वही असावी. सहलीला ती पेटी व वही एकाच व्यक्तीच्या ताब्यात राहावी. बागला आम्ही एवढेच केले असते, तर त्या रात्री तीन जणांनी तीन खिशांतून गोळ्या काढल्या नसत्या. पालकांनीही आज घरचा औषधाचा डबा काढून मुलांबरोबर बारीक अक्षरे वाचावीत. मुलांची नजर चांगली असते. त्यांना वाचू द्यावे.