चार ग्रामसभा आणि एक ओढा
आपत्तीचा सराव एका दिवसात होत नाही. निमगाव केतकीसारख्या गावाने तीन वर्षांचं वेळापत्रक कसं आखावं?

१४ ऑक्टोबर २०२० रोजी इंदापूर तालुक्याला झोडपणारा पाऊस बंगालच्या उपसागरातून आला होता. आदल्या दिवशी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगण, सोलापूर करत पश्चिमेकडे सरकलं आणि वाटेतल्या ओढ्यानाल्यांना पूर आले. पानमळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या निमगाव केतकीत पाणी शिरलं, अडकलेल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. इंदापूर परिसरात वाहून चाललेल्यांना गावकऱ्यांनी जेसीबी घालून वाचवलं.

हा तालुका पर्जन्यछायेतला. इथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहिली, पाण्यापासून पळायची वेळ क्वचित आली. त्यामुळे दुष्काळाचं शहाणपण गावात भरपूर आहे, पुराचं कमी. २०२० मध्ये हाताशी जेसीबी होता आणि तो पाण्यात घालायची हिंमत असलेली माणसं होती. पुढच्या वेळी दोन्ही असतीलच, हे कोणी लिहून दिलेलं नाही.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन मावळातल्या सुदुंबरे इथे आहे. तिथून निमगाव केतकी दीडशे किलोमीटरच्या आसपास. निरोप पोचणं, तुकडी निघणं, पावसातला रस्ता असा हिशेब केला तर पहिले काही तास गावाचे स्वतःचेच असतात. सराव करायचा तो या तासांसाठी.

संकटं वेगळी, कामं तीच

गेल्या काही वर्षांत या पंचक्रोशीने काय काय पाहिलं? जुलै २०२२ मध्ये कडबनवाडीच्या शेतात प्रशिक्षणार्थी वैमानिकाचं छोटं विमान कोसळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये म्हसोबाचीवाडीत शंभर फुटांहून खोल विहिरीचं बांधकाम ढासळून बेलवाडीचे चार मजूर गाडले गेले. त्यांचे मृतदेह काढायला एनडीआरएफला तीन दिवस झुंजावं लागलं. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले. मे २०२५ च्या अखेरीस बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि बारामती, इंदापूरसाठी एनडीआरएफच्या तुकड्या आल्या.

प्रत्येक संकटासाठी वेगळा सराव बसवायचा म्हटलं तर गावाला दुसरं काही करताच येणार नाही. तशी गरजही नसते. विमान पडो, विहीर ढासळो की ओढा फुगो, पहिल्या तासातली कामं सारखीच असतात. निरोप सगळ्यांपर्यंत पोचवणं, माणसं मोजणं, गर्दी मागे ठेवणं, प्रथमोपचार करणं आणि कुणा एकाच्या शब्दाने सगळं चालणं. ढासळलेल्या विहिरीच्या काठावर बघ्यांची आणि यंत्रांची दाटी झाली की आणखी माती आत जाते. अशा वेळी काठ रिकामा ठेवणं हेच गावाच्या हातातलं सर्वांत मोठं बचावकार्य असतं. उत्साहाच्या भरात ते नेमकं राहून जातं.

पहिलं वर्ष: टेबलावरचा पूर

सरावाचा आपला नेहमीचा अनुभव काय? भोंगा वाजतो, मुलं मैदानात रांगेत उभी राहतात, फोटो निघतो. अशा कवायतीला नावं ठेवायचं कारण नाही, पण ती साखळीतली शेवटची कडी आहे. आधीच्या कड्या नसतील तर तिच्यातून कोणी काही शिकत नाही.

पहिल्या वर्षी कुणालाही पळवायचं नाही. ग्रामपंचायतीत गावाचा नकाशा पसरायचा. ओढ्याकाठची घरं, लांबच्या वस्त्या, अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बाया यांची नोंद करायची. ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर, दोरखंड कुणाकडे आहेत, पट्टीचे पोहणारे कोण, याची यादी करायची. मग सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक आणि वायरमन यांना दोन तास एका टेबलाभोवती बसवायचं आणि एक रात्र वाचून दाखवायची. अकरा वाजता पाऊस सुरू झाला. बारा वाजता वीज गेली. साडेबाराला रस्ता पाण्याखाली. एक वाजता पलीकडच्या वस्तीवर बाईला कळा सुरू झाल्या. आता बोला, कोण कुणाला फोन करणार? आणि रेंज नसेल तर?

अशा बैठकीत पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात येतं की निवाऱ्यासाठी ठरवलेल्या शाळेची किल्ली ज्या गुरुजींकडे आहे, ते राहतात बारामतीला. ही गोष्ट चहा पिताना कळलेली बरी.

दुसरं वर्ष: एकेक हात

दुसऱ्या वर्षी छोटे, सुटे सराव. पुणे जिल्ह्यात वापरात असलेल्या ग्राम सुरक्षा यंत्रणेच्या १८००२७०३६०० या क्रमांकावरून एकाच वेळी गावभर फोन वाजतात. नोंदणी केलेल्यांनाच तो येतो, म्हणून वर्षातून दोनदा चाचणी घ्यायची आणि फोन कुणाला आला नाही ते शोधायचं. ओढ्याकाठच्या दहा घरांतली माणसं शाळेत पोचायला किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून पाहायचं. एकदा दिवसा, एकदा रात्री. सर्पदंशात चिरा द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय न हलवता थेट रुग्णालय, हे तोंडपाठ करायचं.

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबायची असते. हे कौशल्य शिकल्यानंतर काही महिन्यांतच हातातून निसटू लागतं. उजळणीची तारीख ठरलेली नसेल तर भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राने कुणाचा जीव वाचत नाही. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. गावातल्या दोघाचौघांनी ते घेतलं असेल तर बाकीच्यांना शिकवण्याचं काम त्यांच्याकडेच द्यावं.

तिसरं वर्ष: सगळे मिळून

आता मोठा सराव. पोलीस, महसूल, आरोग्य, महावितरण, जमल्यास एनडीआरएफ. पण गाव हे अगदीच पहिल्यांदा करणार नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला येते तेव्हा टँकर, पाणी निर्जंतुक करायला टीसीएल, रुग्णवाहिका, दिवाबत्ती, रस्ता मोकळा ठेवणं, हरवलेल्यांना दिंडीशी गाठ घालून देणं हे सगळं गाव करतंच. गावाच्या लोकसंख्येहून मोठी गर्दी एका रात्रीपुरती सांभाळायची, ही आपत्ती व्यवस्थापनातली वरची इयत्ता आहे. हा अनुभव चारदोन जाणत्यांच्या डोक्यात राहतो, कागदावर उतरत नाही, एवढीच त्यातली उणीव. पालखी पुढे गेल्यावर आठवड्याभरात बसून लिहायचं: काय कमी पडलं, कुठे कोंडी झाली, पुढच्या वर्षी ते कोण बघणार.

वर्षानुवर्षं नेमाने केलेल्या सरावाने काय साधतं, ते ओडिशाकडे पाहिलं की कळतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले आणि सराव कंटाळा न करता चालू ठेवला.

तारखा कुणी पाळायच्या?

तलाठी, ग्रामसेवक बदलून जातात, सरपंच पाच वर्षांनी बदलू शकतो, आज पोहणारी मुलं उद्या पुण्यात नोकरीला असतात. म्हणून वेळापत्रक माणसाला नाही, तारखेला बांधावं. प्रघाताच्या चार ग्रामसभा त्याला सोयीच्या आहेत. २६ जानेवारीला वर्षाचा आराखडा आणि त्यासाठीचे पैसे मंजूर करायचे. १ मे रोजी याद्या ताज्या करून त्याच आठवड्यात ओढ्याचा सराव घ्यायचा. १५ ऑगस्टला पालखीचा आढावा वाचायचा. २ ऑक्टोबरला परतीच्या पावसाआधीची उजळणी.

यातल्या दोन तारखांना विशेष अर्थ आहे. २०२० चा पूर ऑक्टोबरच्या मध्याला आला, २०२५ चा कालवाफुटीचा पाऊस मे महिन्यात. दोन्ही वेळा पाऊस हंगामाच्या कडेला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यातली मान्सूनपूर्व बैठक पहिल्यासाठी फार आधी आणि दुसऱ्यासाठी उशिरा ठरली असती. १ मे आणि २ ऑक्टोबर मात्र दोन्हींच्या अगोदर, थोडक्या दिवसांच्या अंतरावर येतात. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत या दोन तारखांपुढे एकेक ओळ वाढवायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.