डोळ्यांखालची खोलगट जागा

‘डोळे किती खोल गेले!’ म्हटलं की आपल्याकडे आधी तब्येतीची चौकशी होते, आणि ते योग्यच आहे. पण वयानं डोळ्यांखालची चरबी कमी होते. काहींची ठेवणच तशी असते. समोरून उजेड घेऊन आरशात पाहा. काळेपणा कमी झाला तर ती बहुधा खोलगटपणाची सावली. तसाच राहिला तर कातडीचा रंग. रंगावर चरबी भरून उपयोग नाही.

युक्ती जुनीच. जर्मनीत नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडाची चरबी डोळ्याजवळच्या खोल व्रणात बसवली. आता पोटाची किंवा मांडीची चरबी नळीनं ओढून थेंबाथेंबानं सोडतात. त्यातली काही विरते. किती, ते आधी सांगता येत नाही. कातडी पातळ, म्हणून गाठ राहिली तर दिसते. क्वचित चरबी रक्तवाहिनीत शिरून दृष्टीही जाते.

रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात. तिथं अंधूक झालेली नजर परत मिळवायची असते. इथं धडधाकट डोळा पणाला लागतो, तोही दिसण्यासाठी. लातूरला प्लास्टिक सर्जनकडे गेलात, तर आधीचे-नंतरचे फोटो पाहण्याआधी विचारा : नजरेला काही झालं, तर त्या क्षणी काय करणार?