खोली सूक्ष्ममापक

भोक, खाच, पायरी किंवा खळगा यांच्या तळाचे वरच्या पृष्ठापासूनचे लंब अंतर अचूक मोजण्याचे हस्तोपकरण. कारखान्यात ते ‘डेप्थ मायक्रोमीटर’ या नावानेच ओळखले जाते. धारवा (बेअरिंग) बसवावयाच्या खोबणीची खोली काही शतांश मिमी. जास्त झाली, तर धारवा अक्षाच्या दिशेने हलत राहतो. कमी झाली, तर झाकण पृष्ठावर टेकत नाही. अशा ठिकाणी पोलादी पट्टी निरुपयोगी ठरते.

स्क्रूच्या फिरण्यावरून लांबी मोजण्याचे तत्त्व जुने असून झां लॉरां पामर या फ्रेंच कारागिरांनी १८४८ मध्ये हाती धरावयाच्या सूक्ष्ममापकाचे एकस्व घेतले. खोली सूक्ष्ममापकात तेच तत्त्व वापरलेले असते. मात्र धनुष्याकृती चौकटीऐवजी त्याला घासून सपाट केलेली कठीण पोलादाची आडवी बैठक असते. बैठकीच्या मध्यातून मापनदांडा खाली उतरतो. स्क्रूच्या लगतच्या आट्यांमधील अंतर ०·५ मिमी. असते आणि फिरत्या नळीच्या परिघावर ५० भाग पाडलेले असतात. म्हणून एक भाग म्हणजे ०·०१ मिमी. होय. स्क्रूची धाव बहुधा २५ मिमी. असल्यामुळे अधिक खोलीसाठी २५ मिमी.च्या टप्प्यांनी वाढत जाणारे दांडे पोकळ स्क्रूमधून घालतात. प्रत्येक दांड्याच्या माथ्यावर शून्य जुळविण्याची स्वतंत्र चाकी असते. त्यामुळे एका उपकरणाचे दांडे तपासल्याशिवाय दुसऱ्यात वापरू नयेत.

वाचनाची रीत नेहमीच्या बाह्य सूक्ष्ममापकाच्या उलट आहे. दांडा खाली जातो तशी फिरती नळी स्थिर नळीवरील रेषा झाकत जाते. म्हणून उघड्या नव्हे, तर झाकल्या गेलेल्या रेषा मोजावयाच्या असतात. उघडी असलेली जवळची रेषा १३ मिमी.ची आणि फिरत्या नळीवरील आकडा ३७ असेल, तर शेवटची झाकलेली रेषा १२·५ मिमी.ची असून वाचन १२·८७ मिमी. येते. सवयीने १३·३७ वाचले गेल्यास अर्ध्या मिमी.ची चूक होते. दांड्याची निवड चुकल्यास पडणारा २५ मिमी.चा फरक डोळ्यांनाच दिसतो, अर्ध्या मिमी.चा दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक.

उपकरण कितीही चांगले असले, तरी बैठक नीट टेकली नसेल, तर वाचन व्यर्थ होय. १०० मिमी. लांबीच्या बैठकीच्या एका टोकाखाली ०·०५ मिमी. जाडीचा धातूचा कीस राहिला, तर बैठकीचा मध्य ०·०२५ मिमी. उचलला जातो आणि खोली तेवढीच जास्त दिसते. दांडा तिरपा झाल्याने होणारी चूक यापुढे नगण्य असते. म्हणून भोकाच्या काठावरील बर कानशीने काढून पृष्ठ पुसणे, हे मापनाचेच अंग आहे. दुसरा धोका हाताच्या जोराचा. स्क्रू जोराने फिरविल्यास दांडा तळावर टेकून बैठकच वर उचलतो. याकरिता एका हाताने बैठक घट्ट दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने फक्त रॅचेट फिरवितात.

शून्य तपासताना लहान दांड्यासाठी बैठक सपाट पृष्ठफलकावर ठेवतात. लांब दांड्यांसाठी बैठकीच्या दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीची मापठोकळ्यांची जोडी घेतात.

लांबीच्या मापनासाठी प्रमाण तापमान २०° से. आहे. दांडा व वस्तू दोन्ही पोलादाची आणि एकाच तापमानाची असल्यास प्रसरण परस्परांत जिरते. परंतु यंत्रावरून नुकतीच उतरविलेली वस्तू दांड्यापेक्षा १५° से.ने उष्ण असेल, तर १०० मिमी. खोलीत सुमारे ०·०१७ मिमी. फरक पडतो. ॲल्युमिनियमचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने त्यात तो अधिकच वाढतो.

ड्रिलने पाडलेल्या भोकाचा तळ शंकूच्या आकाराचा असतो. तेथे दांड्याचे सपाट टोक शंकूच्या अग्रापर्यंत पोहोचत नाही. अशा भोकाची पूर्ण व्यासाची खोली या उपकरणाने सरळ मिळत नाही. तळाच्या कोपऱ्यातील गोलाईवर दांडा चढल्यासही खोली कमी भरते.